साखरपुड्याचं घड्याळ

प्रिय पल्लवी,

पत्र बघून चिडशील. चिड. फोन तू उचलत नाहीस आणि हे मेसेजमध्ये मावत नाही.

सोमवारी तुझे अण्णा पौडला आमच्या घड्याळाच्या दुकानात शिरले, तेव्हा वाटलं, आपलं यांना कळलं. पण ते अनोळखी गिऱ्हाइकासारखे म्हणाले, "जुनी घड्याळं तूच बघतोस म्हनं. हे अस्सल हाय का सांग, मगच घेतो. साखरपुड्यात जावयाला बांधायचंय." तुझं लग्न ठरल्याचं मला असं कळलं, पल्लवी. लवळ्याच्या कँटीनमध्ये तुझ्यावरून बोलणाऱ्याच्या कानफटात वाजवून मी कॉलेज सोडलं, तेव्हा तू म्हणालीस, "तुला माझ्यापेक्षा तुझा राग लाडका." त्या वाक्याशी मी अजून भांडतोय.

घड्याळ चावीचं, एचएमटी. कासारसाईच्या एका निवृत्त गुरुजींनी आयुष्यभर वापरलेलं. मी ते खोटं निघावं म्हणूनच उघडलं. मशीन दुसऱ्या घड्याळातलं असेल म्हटलं, तर त्याचंच. डायल मागाहून रंगवलेली असली की भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांना सोडून पळतात. इथं एकूण एक रेघ जागच्या जागी. फक्त सहाच्या आकड्याजवळ चहा सांडल्यासारखा पिवळट डाग, वयाचा. बाहेर जाऊन आलो, परत भिंग लावलं. अस्सलच.

तसं सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "मग तो डाग घालव. डायल रंगवून नवी कर. पाव्हण्यांपुढं डागाळलेलं बांधू व्हय?" रंगवली की अस्सलपणाच जातो, म्हटलं मी. "लई शहाणा हायेस, मग कालेजात जायचं सोडून हितं का बसलास?" दुसरं कुणी असतं तर पल्लवी, तुला माहितेय मी काय केलं असतं. मान खाली घालून उभा राहिलो.

जाताना त्यांनीच कौतुकानं सांगितलं, तुमचा होणारा जावई, तो हिंजवडीचा शेखर, जुनी घड्याळं जमवतो, भिंग खिशात घेऊन फिरतो, कुणाचंही घड्याळ चारचौघांत तपासतो. झालं! तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. अण्णा म्हणतात तसं रंगवून दिलं, की तो भर साखरपुड्यात म्हणणार, मामा, तुम्हाला फसवलं. आणि अण्णा ऐकून घेतील? ताट तिथंच उधळतील, सोयरीक मोडेल. मला काही करायचंच नाही, फक्त सांगितलेलं काम करायचंय. डायल काढून वाटीखाली झाकून ठेवलीय. गाडी काढतो, धरणापर्यंत जातो, परत येतो, वाटी उचलतो, ठेवतो.

अजून रंगवली नाही. शेखरवर उपकार म्हणून नाही. अण्णांची मान पाव्हण्यांत खाली गेलेली तुला बघवणार नाही, म्हणून. गुरुवारी ते घड्याळ न्यायला येतायत आणि माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. हे लग्न तुझ्या मनातलं असेल तर त्यांना सांग, डाग राहू द्या, जावयाला तसंच आवडेल. मनातलं नसेल तर तेही त्यांना तूच सांग, घड्याळाच्या आड लपू नकोस. मला फक्त रंगव म्हणू नकोस. तू म्हणालीस तर मी रंगवीन.

काही झालं तरी तुझाच,
निषाद