गाळलेलं प्रकरण

धुळे, १२ जुलै २०२५

चि. सौ. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

तू वाचलेली कादंबरी मोबाईलवर ऐकून संपवली. बारीक अक्षर दिसेनासं झाल्यापासून जुन्या लेखिका मला अशा फुकटात भेटतात, आणि त्याही माझ्या भाचीच्या आवाजात, याचा केवढा तोरा होता मला. आता किळस आली आहे. फोनवर तोंडातून भलतंसलतं निघेल, म्हणून जाड पेनाने लिहिते.

त्या विधवेच्या खोलीत दीर शिरतो, ते प्रकरण कुठे गेलं? मी कॉलेजात वाचलेलं अजून अंगावर येतं. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये दीर तिला लुगडं आणून देतो, मग प्रकरण संपल्याची बासरी वाजते आणि ती पोराला घेऊन घराबाहेर पडते. शेजारच्या धुरपदाबाई माझ्याकडे वाती वळत ऐकतात. त्या म्हणाल्या, बाई माजली होती, भलं घर लाथाडलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तू गाळलंस का? सरळ लिही. रागावले तरी माझा जीव तुझ्यावरच आहे.

तुझी
कुंदाआत्या

जळगाव, १९ जुलै २०२५

ती. कुंदाआत्यास शि. सा. न. वि. वि.

मी एक ओळही सोडली नव्हती. ते प्रकरणही पूर्ण वाचलं. तुझं पत्र येताच आमच्या वाचन मंडळाच्या हितेंद्रभाऊंकडे गेले. ही मोफत पुस्तकं इंटरनेटवर तेच चढवतात. प्रकरण आपणच कापलं, हे त्यांनी हसत कबूल केलं. घराघरांत ऐकतात, जुन्या लेखिका सोज्वळच वाटायला हव्यात, असं म्हणाले. मी म्हटलं, लिहिलंय तर त्या लेखिकाबाईंनीच. तर म्हणे, त्यांनी लिहायला नको होतं. वर माझा आवाज किती सात्त्विक आहे, त्याला असली घाण कशाला, असं म्हणून मला पेढा देऊ लागले. आत्या, तो पेढा मी तिथेच ठेवला. बाईचं तोंड दाबायचं आणि तेही माझ्या आवाजाने. खाली माझंच नाव.

परत घाला म्हटलं, तर ऐकेनात. पुस्तकावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही आणि माझं मूळ रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये होतं. घरी येऊन मी सगळी कादंबरी माझ्या नावाने चढवली. भाऊंनी माझी बाकीची पुस्तकं काढून टाकली. सासूबाई रागावल्या आहेत. नातेवाईक ऐकतील म्हणतात. तुझे जावई नीलेश मात्र म्हणाले, ऐकू देत.

धुरपदाबाईंना ते प्रकरण ऐकव. तब्येत सांभाळ, माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी
मोहिनी

धुळे, २८ जुलै २०२५

चि. सौ. मोहिनीस पोटभर आशीर्वाद.

ऐकवलं. धुरपदाबाईंचे हात थांबले. परत लाव म्हणाल्या, परत लावलं. मग भिंतीकडे बघत हळूच बोलल्या, ‘‘मना दीर बी तसाच व्हता.’’ एवढंच बोलून वाती तशाच टाकून घरी गेल्या.

त्यांच्या पुढच्या खोलीत त्या दिराचा हार घातलेला फोटो असायचा. दर संक्रांतीला हळदीकुंकवाला जाऊन मी त्याला नमस्कार केला आहे गं. भला माणूस गेला, असंही म्हटलं आहे, त्यांच्यासमोर. कालपासून हात धुते आहे, घाण जात नाही. तुमच्या भाऊंना सांग, सोज्वळपणा कुणाच्या कामी येतो ते.

आज सकाळी भंगारवाला आला होता. धुरपदाबाईंनी तो फोटो स्वतः उतरवून त्याच्या गाडीवर ठेवला. सुनेने विचारलं, तर काच तडकली म्हणाल्या. मी दारातच उभी होते. काच अखंड होती. मी सुनेला सांगितलं, हो, तडकली आहे.

सासूबाईंना नमस्कार सांग. लोभ आहेच, तो असाच राहो.

तुझी
कुंदाआत्या