पाणी गरम नव्हतं

३ मार्च
बोललो! सासूबाईंना तोंडावर बोललो — “पाणी बघून घालता की नाही? पोर भाजलीय!” लेक अजून महिन्याची नाही आणि टाचांवर, कमरेला फोड. अंघोळ त्याच घालतात. मग दुसरं कोण?
त्यांनी बादली उचलून मोरीत नेली. बायकोनं लेकीला उचलून आत नेलं.

४ मार्च
सासूबाई त्यांच्या घरी गेल्या. “येते” — एवढंच. शिलाईच्या दुकानात माझ्याकडून एकाच पँटची शिवण दोनदा उसवली.

७ मार्च
आता अंघोळ मी घालतो. कोमट पाणी, कोपर बुडवून बघितलेलं. पुसताना पाठीची साल टॉवेलबरोबर आली. माझ्या हाताखाली! पोर अशी किंचाळली की…

८ मार्च
मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कातडीचा कणभर तुकडा तपासायला घेतला.

२२ मार्च
“कुणी भाजलेलं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी म्हणे अधांतरी नसतात. खाली एक पातळ जाळी असते, ती बरीचशी पेशींनीच विणलेली. तिच्यावर त्या घट्ट बसतात. जाळीला खालच्या थरात रुतवणारे बारीक धागे असतात. आमच्या लेकीचे ते धागे नीट बनतच नाहीत — जन्मापासून. जरा घासलं की वरचा थर सुटतो, आत पाणी भरतं.
“बरं होईल?”
“जपायचं. काखेत हात घालून उचलू नका, तळहात खालून सरकवा. चिकटपट्टी अजिबात नको. घरी मदतीला कोण आहे?”
जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

२३ मार्च
सासूबाईंकडे गेलो. “आई, चुकलो.”
त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. म्हणाल्या, “जावईबापू, तिथून आल्यापासून मी रोज गरम पाण्यात हात घालून बघत होते. म्हटलं, म्हातारपणी गरम-गार कळेनासं झालं की काय!”
बोटं लाल होती. मी काय करून बसलो!

२५ मार्च
सासूबाई परत आल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत — दोन शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो. मी लेकीला झबली शिवली, सगळ्या शिवणी बाहेरून. आत काही टोचायला नको.

२९ मार्च
कपडे वाळत घालताना बायको म्हणाली, “मला आईचा संशय कधीच आला नव्हता. तुझा आला होता.”