माझ्या मापाची हॅवरसॅक

२२ नोव्हेंबर १९७०, रविवार
गिरिभ्रमण मंडळाची सभा झाली. सभासद सात, त्यात स्त्री मी एकटी. नाताळच्या सुट्टीत चार दिवसांची मोहीम ठरली. भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड. नेतृत्व अर्थात वाकचौरे सरांकडे. सर नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडचे. ते डोंगर म्हणजे त्यांचं अंगण.

सभा संपल्यावर सर मागे थांबले. म्हणाले, ताई, एक काम होतं. बाईमाणसाच्या पाठीला बसेल अशी हॅवरसॅक हवी आहे. चार दिवस चालायचं, तेव्हा आरामशीर हवी, आणि मास्तराला परवडायला हवी. अगदी तुमच्या मापाची बघा. पण कुणाला बोलू नका, भेट द्यायची आहे.

कुणाला, ते बोलले नाहीत. मंडळात स्त्री मी एकटी. माप माझं. सुसंस्कृत माणूस सगळंच बोलून दाखवत नाही.

मला ‘ताई’ म्हणाले, पण ते चारचौघांत म्हणावंच लागतं.

२३ नोव्हेंबर
काल चारचौघं नव्हते, आम्ही दोघंच होतो. असो. जिभेला सवय होते.

२५ नोव्हेंबर, बुधवार
निश्चय. रोज पहाटे दोरीवरच्या उड्या. चहा बंद. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. नुसतं शाळेत मुलींना स्वावलंबन शिकवून भागणार नाही, स्वतःचं ओझं स्वतःच्या पाठीवर घेऊन चालून दाखवलं पाहिजे.

छबूआत्याला (मी नगरात तिच्याकडेच राहते) हे ऐकवलं. म्हणाली, पाठीवर वझं गाढवाच्या असतं गं, बाईच्या डोक्यावर असतं. आन् उड्या मारायच्या तर खाली मार, वरनं माती पडती माझ्या पिठात.

चहा उद्यापासून बंद.

२९ नोव्हेंबर, रविवार
भिंगारला लष्करातल्या जुन्या सामानाच्या दुकानात गेले. पहिला पिट्टू सहा फुटी जवानाचा. पाठीला लावला तर गुडघ्यामागे आपटू लागला. दुकानदार म्हणाला, बाई, पाठीवर नेणार का आत बसून जाणार? मी हसले नाही. दुसरी पिशवी एकाच खांद्याची, माणूस वाकडा होतो. तिसरी मध्यम, खाकी कॅनव्हासची, पण पट्टे अरुंद, दोरीसारखे कापणारे. घासाघीस केली आणि तीच घेतली. पट्टे सुधारता येतात. स्वभावाचं तसंच असतं, असा एक विचार मनात आला.

३ डिसेंबर, गुरुवार
सर मंगळवारपर्यंत रजेवर, गावी घरचं कार्य आहे. धाकट्या बहिणीचं लग्न असावं.

पट्ट्यांना खालून खोगिराखालचा जाड लोकरी नमदा शिवला. तो टोचतो म्हणून वर आईच्या हिरव्या लुगड्याचा पदर चार पदरी घडी करून लावला. आईनं तो मला गोधडीसाठी दिला होता. कमरेला बांधायला जुना लष्करी पट्टा जोडला, ही माझी स्वतःची कल्पना. दाभण दोनदा बोटात गेलं. आत्यानं विचारलं, कुनाचा एवढा जीव चाललाय त्या पिशवीत? मी म्हटलं, मंडळाचं काम आहे. ती म्हणाली, व्हय व्हय, मंडळाचंच.

६ डिसेंबर, रविवार
आज परीक्षा. सॅकमध्ये आत्याची ज्वारी भरून चांदबिबीच्या महालाची टेकडी चढले. पायथ्याच्या वस्तीवर मला बघून बायकांनी भराभर पोरं घरात कोंडली. एक आजी दाराआडून ओरडली, आमच्या समद्यांला टोचून झालंय, देवीवाल्या बाई, जावा तुमी! देवी टोचणारी नाही, गिर्यारोहक आहे, असं मी समजावलं. आजी आत सांगताना ऐकलं, न्हाई गं, येडी हाय बिचारी.

पण शोध मोठा लागला. ज्वारी तळाला होती तोवर सॅक मागे खेचत होती. खाली कपडे आणि वर ज्वारी, तीही पाठीला अगदी चिकटून, अशी भरली आणि कमरेचा पट्टा आवळला, तर ओझं जाणवेना. निम्म्या वाटेवर तर सॅक विसरलेच. कोणी पाठीवर अलगद हात ठेवून चालावं तसं वाटत होतं.

खांद्यावर वळ उठले आहेत. लुगड्याची आणखी एक घडी लागेल.

चहा दोन कप घेतला. श्रमानंतर शास्त्राची हरकत नाही.

९ डिसेंबर, बुधवार
सर भेटले. घरचं कार्य छान झालं म्हणून पेढा दिला. कुणाचं कार्य, हे विचारणं बरं दिसलं नसतं. नखं पिवळी दिसली. चंपाषष्ठी नुकतीच झाली आहे, खंडोबाचा भंडारा लागला असणार. सर विज्ञानाचे असूनही श्रद्धाळू आहेत, हे मला आवडलं. बोटात अंगठी आहे. पूर्वीपासून असेल, मी कधी नीट पाहिलं नाही.

पेढा आत्याला अर्धा दिला.

१३ डिसेंबर, रविवार
नेवाशाचे लोक बघायला आले. मुलगा साखर कारखान्यात क्लार्क. आई-बापू गावाहून मुद्दाम आलेले. मुलाच्या आईनं विचारलं, मानेजवळ वळ कसले? मी सगळं सांगितलं. चार दिवस डोंगरात, बरोबर सहा पुरुष, पाठीवर ओझं. मुलगा मात्र म्हणाला, पाय दुखत नाहीत का तुमचे? बरा वाटला, पण आता त्याचा काय उपयोग. मी नकार दिला.

आई रडली. दोघांना पोचवायला माळीवाडा स्टँडवर गेले. एसटीत चढताना बापू म्हणाले, तुला न्हाई पटलं ना, मग न्हाई. पर कुनी मनात असंल तर सांग, मनकर्णा. मी सोता जाऊन बोलतो, मला कमीपना न्हाई.

मी म्हटलं, नाताळात सांगते बापू. नक्की सांगते. ते म्हणाले, मग मी सुट्टीतल्या रविवारीच येतो. त्या रविवारी मी डोंगरात असेन, हे एसटी सुटल्यावर सुचलं.

२० डिसेंबर, रविवार
सॅक सरांच्या हवाली केली. घालून दाखवा म्हणाले. दाखवली. मागून-पुढून पाहिली आणि म्हणाले, झकास! अगदी अशीच हवी होती. ताई, तुमचे उपकार कसे फेडू? मी म्हटलं, फेडायचे नसतात. पंचवीसला स्टँडवर सकाळी सहाला, म्हणाले. तिथे कळेलच सगळ्यांना.

सगळ्यांना!

२४ डिसेंबर, गुरुवार
तयारी झाली. शेंगदाण्याचे लाडू केले. स्वतःची पिशवी घेत नाही, उद्या सॅक मिळणारच आहे. दोन्ही ओझी कोण वाहणार? कपडे, लाडू, ताट-वाटी चादरीत गाठोडं करून घेते. आत्या म्हणाली, डोंगरात चाललीस का ऊसतोडीला?

२५ डिसेंबर, शुक्रवार
सर वेळेवर आले. बरोबर त्यांची पत्नी. नाव राही. लग्न याच महिन्यात झालं. सॅक तिच्या पाठीवर होती.

माप खरंच माझं आहे.

सर तिला म्हणाले, या त्या मनकर्णाताई, ज्यांनी ही सगळी शिवली. ती म्हणाली, वन्सं, तुमच्याबद्दल हे लई सांगत्यात. मला सख्खी बहीण नाही, ताईनं ती उणीव भरून काढली, असं म्हणत्यात. आणि भर स्टँडवर वाकून माझ्या पाया पडली. एवढी वाकली तरी सॅक जागची हलली नाही. कमरेचा पट्टा चांगला बसला आहे.

मी गाठोडं घेऊन उभी होते. राही म्हणाली, द्या ना वन्सं तुमचंबी माझ्या पाठीवर, जागा हाय. मी म्हटलं, मला ताप वाटतोय, मी येत नाही. लाडू तेवढे तिच्याकडे दिले. तिनं उजव्या कप्प्यात ठेवले. तो कप्पा मी लाडवांसाठीच शिवला होता.

घरी आल्यावर आत्यानं चहा केला. तिच्याकडून साखर जास्त पडली.

२७ डिसेंबर, रविवार
बापू आले. परीटघडीचं धोतर, लग्नात बांधतात तो फेटा. बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, सांग, कुठल्या गावाला जायाचं बोलायला?

मी म्हटलं, कुठंच नाही, बापू.

ते खाली बसले. मग फेटा सोडला, नीट घडी घालून मांडीवर ठेवला आणि आत्याला म्हणाले, छबू, जरा च्या टाक. कोपऱ्यात गाठोडं तसंच पडलं होतं. त्यांनी उचलून फळीवर ठेवलं.

ते लोक आता रतनगडावर असतील. तिथली चढण कडक आहे म्हणतात. जड सामान वर, पाठीला चिकटून भरायचं, हे राहीला सांगायचं राहून गेलं.