परातीतलं पाणी

प्रिय खडू,

तुझा फोन दोनदा वाजला, मी मुद्दाम उचलला नाही. उचलला असता तर आपण भांडलो असतो, आणि भांडताना तू फार भरभर बोलतेस. कागदावर मी एकटीच बोलते, ते मला सोयीचं आहे.

तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जलशुद्धीकरण केंद्राचा जिना अजून मीच आधी चढते आणि शिपाई मागून धापा टाकत येतो. नमुने तपासायला नवं यंत्र आलं आहे, तरी सकाळचा पहिला ग्लास मी नाकाला लावून बघतेच. बाबा तुझ्या बाजूने आहेत. तसं ते बोलले नाहीत, पण परवापासून भांडी जरा जोरात आपटतात.

तुमच्या कंपनीचा अर्ज माझ्या टेबलावर पडून आहे. संगणकांच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारतीला पिण्याच्या पाण्याच्या मुख्य वाहिनीतून जोडणी हवी, आणि माझ्या सहीशिवाय ती मिळत नाही. अर्ज आला त्याच दिवशी मी साहेबांना लेखी कळवलं, की कंपनीची इंजिनिअर माझी मुलगी आहे, काम दुसऱ्या कुणाकडे द्या. ते हसून म्हणाले, आईच असलेली बरी. त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला तेव्हाच कळलं. आता मी सही करत नाही म्हटल्यावर तेच म्हणतात, "बाई, पोटच्या पोरीच्या पोटावर पाय देताय?" मी म्हटलं, काम तुम्हीच माझ्या गळ्यात घातलंत, आता ते माझ्या पद्धतीने होईल. तेव्हापासून त्यांनी माझ्याबरोबर चहा प्यायचं बंद केलं आहे. चहा तसाही पाणचट असतो.

अर्जात तू लिहिलंयस, की यंत्रांना गार ठेवणारं पाणी बंद नळ्यांतून फिरतं आणि ते एकदाच भरावं लागतं. वाक्य खरं आहे, म्हणूनच मला राग आला. खोटं असतं तर चूक म्हणून सोडून दिलं असतं.

आठवतंय, तुला गरम दूध चालायचं नाही. फ्रीज बिघडला की मी पातेलं परातीत ठेवून भोवती पाणी ओतायचे. ते कोमट झालं की बदलायचं काम तुझं. एकदा वैतागून म्हणालीस, दूध तर तेवढंच आहे, मग सारखं पाणी का ओतायचं? मी सांगितलं, दुधातली उष्णता कुठे जाते ते परातीत बोट बुडवून बघ. तू बोट बुडवलंस आणि स्वतःच पाणी बदलायला उठलीस. माझ्या मते तू इंजिनिअर त्या दिवशी झालीस, पदवी उगाच नंतर मिळाली.

तुझ्या अर्जात पातेलं आहे, परात नाही. नळ्यांतलं पाणी आतली उष्णता आणून दुसऱ्या पाण्याला देतं, आणि ते दुसरं पाणी गच्चीवरच्या मनोऱ्यांतून वाफ होऊन रोज उडून जातं. मागे उरतं त्यात क्षार साठत जातात, म्हणून तेही ओतून द्यावं लागतं. लहानपणी तू शाळेतून खडू आणून खायचीस, त्यावरून तुझं हे नाव पडलं. तसलाच पांढरा थर यंत्रणेत बसू नये म्हणून तुम्हाला माझं स्वच्छ पाणी हवं. तेही सगळ्यात जास्त भर उन्हाळ्यात, जेव्हा धरणाचा तळ दिसतो आणि टेकडीवरच्या घरांत नळ नुसता फुसफुसतो. तिथल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन माझ्या दारात येतील. तुमच्या दाराला पहारा आहे.

मी आडमुठेपणा करत नाही. शहराचं सांडपाणी शुद्ध करून आपण नदीत सोडतो. ते घ्या, तुमच्या खर्चाने आणखी गाळा आणि मनोऱ्यांना पाजा. त्या अर्जावर मी उभ्या उभ्या सही करेन. खर्च वाढेल, उद्घाटन लांबेल, तुझ्या वरिष्ठांची तोंडं वाकडी होतील. होऊ देत.

सोमवारच्या सुनावणीत कंपनीतर्फे तू बोलणार आहेस, हे मला आज कळलं. म्हणून हे पत्र. मी सगळ्यांसमोर तुला एकच प्रश्न विचारणार आहे: उष्णता कुठे जाते? आईने मुलीला पेपर फोडला असं कुणी म्हणायला नको, म्हणून हाच प्रश्न तुमच्या कंपनीलाही आजच लेखी पाठवला आहे. ते तुला गुळगुळीत उत्तर पढवतील. खरं उत्तर तू फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून तुला येतं. ते दिलंस आणि नोकरी गेली, तर वरची खोली रिकामी आहे. भाडं मात्र घेईन. नाही दिलंस, तर मी परात आणि गरम दुधाचं पातेलं घेऊन सभागृहात येईन आणि तुला सगळ्यांदेखत बोट बुडवायला लावीन. मी तसं करेन की नाही, ते बाबांना विचार.

सध्या एवढ्या एकाच कागदावर, कुठलीही अट न घालता सही करणारी,

तुझीच,
आई