डाव्या बाजूचं अस्तर

दि. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. आज सगळं त्या शेवटच्या 'वि. वि.'मध्येच आहे, तेव्हा हे पत्र शिलाई मशीनजवळ बसून वाचू नकोस. फोन केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, हात कापडात आणि समोर दोन-चार गिऱ्हाइकं बसलेली.

येत्या अकरा तारखेला मी एका सर्जनबाईंकडे चालले आहे. आजारी नाही, घाबरू नकोस. छाती मोठी करण्याची शस्त्रक्रिया असते, तिच्याबद्दल विचारायला. हे वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा कागद फाडला. एकतीस वर्षांची झाले, चष्म्याच्या दुकानात दिवसाला तीस जणांचे डोळे तपासते, आणि घरात अजून माझं नाव 'काडी'च. तुम्ही लाडानं म्हणता हे कळतं. पण आरशासमोर लाड आठवत नाही, काडी तेवढी दिसते. कुणा पुरुषासाठी नाही, कुणी सुचवलं म्हणून नाही. मला हवंय.

भीती मात्र फार वाटते. भूल दिली आणि जागच आली नाही तर? काही बिघडलं तर कुठल्या तोंडानं सांगणार? आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस, ती अंथरूण धरेल.

तू शिवलेला निळा ब्लाउज घालून जाणार आहे. त्यात मी जरा बरी दिसते.

लोभ आहेच, हे पत्र वाचूनही तेवढाच राहू दे.
तुझी काडी

दि. ७ फेब्रुवारी

चि. काडीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. चांगलं धडधाकट अंग टेबलावर ठेवायला निघालीस! तीस वर्षं माझ्या गळ्यात टेप आहे. आजवर एकही बाई अशी आली नाही, जिला स्वतःचं माप पसंत होतं. जाड्यांना बारीक व्हायचंय, बारकींना भरायचंय, आणि सगळ्यांना ते मी कात्रीनं करून हवंय. कापड चुकलं तर उसवता येतं गं. अंगाचा टाका दिसतोच.

तरी तू ऐकायची नाहीस, मला ठाऊक आहे. विचारून ये. सही करू नकोस. आणि त्या बाईंना घरच्या जुन्या गोष्टी फार सांगत बसू नकोस, त्यांचा काय संबंध?

मी बरी आहे. डावा खांदा तेवढा धरलाय, हात वर जात नाही, म्हणून कापड बेतायचं काम मदतनीस बाईंकडे दिलंय. वय झालं, दुसरं काय! तुझं पत्र आल्यापासून माझी सुई मात्र सारखी बोटात जाते आहे.

जाऊन आल्याबरोबर खुशाली कळव, नाहीतर लोभ आटेल.
तुझी मावशी

दि. १२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. धपाटा पोचला.

काल जाऊन आले. वाटलं होतं, दारातूनच ओढून घेतील. पण सर्जनबाई पन्नाशीच्या, थंड हातांच्या आणि हसायला कंजूष निघाल्या. भिंतीला निळं कापड लावलं होतं. त्याच्यापुढे उभं करून त्यांनी माझे फोटो काढले, चेहरा वगळून. तेव्हा मला रडूच फुटलं. मग टेपनं मापं घेतली, अगदी तुझ्यासारखी, आकडा तोंडातल्या तोंडात पुटपुटत. त्यानं थोडा धीर आला.

हातावर एक मऊ, गार पिशवी ठेवली. हीच आत बसवतात. ती जन्मभर टिकत नाही, कधीतरी बदलावी लागते. भोवती कडकपणा धरू शकतो, स्पर्श कळेनासा होऊ शकतो, आणि पुढे छातीची तपासणीही थोडी अवघड होते. एकेक सांगून थांबायच्या आणि कळलं का, असं विचारायच्या. मग कपड्याआड नमुने ठेवून आरशापुढे नेलं, पहिलं बरं की दुसरं? दुकानात मी लोकांना दिवसभर हेच विचारते, आणि 'दोन्ही सारखंच' म्हणणाऱ्यांवर मनातून चिडते. काल मीही तेच म्हणाले.

आता कामाचं. फॉर्मवर एक रकाना होता, घरात कुणाला स्तनाचा आजार झाला होता का? मी बिनधास्त 'नाही' लिहिलं. बाईंनी विचारलं, आजी कशानं गेली? म्हटलं, काविळीनं, पन्नासाव्या वर्षी. त्यांनी पेन खाली ठेवलं. कावीळ कशानं झाली होती? म्हटलं, ते घरात कधी निघालंच नाही. हा रकाना पक्का झाल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही, म्हणाल्या. शेवटी आजीजवळ कोण होतं, त्यांना विचारा. आता सत्तावीसची वेळ दिली आहे.

तूच होतीस ना? आई तर तेव्हा माझ्या बाळंतपणात अडकलेली. एका ओळीत कळव, म्हणजे मला झोप लागेल.

लोभ आणि ती एक ओळ, दोन्हींची वाट पाहते.
तुझी काडी

दि. १८ फेब्रुवारी

चि. काडीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र तीन दिवस बटणांच्या डब्यात तळाशी ठेवलं होतं.

'नाही' खोड. तिथे 'होय' लिही.

माझ्या आईच्या डाव्या छातीत गाठ होती. मी एकोणीस वर्षांची, शिवण नुकतं शिकलेली. तिनं मला सांगितलं तेही मी माप घेत असताना, टेपपुढे लपेना म्हणून. डॉक्टरकडे चल म्हणून मी पाया पडले. ती म्हणाली, ताई ओली बाळंतीण आहे, तिला कळलं तर ती इकडे धावत येईल. कुणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. मग मी तिच्या ब्लाउजला डाव्या बाजूनं आतून अस्तर लावलं, फरक दिसू नये म्हणून. दर महिन्याला एक थर वाढवत गेले. कावीळ अगदी शेवटी झाली आणि तीच सगळ्यांना सांगायला सोयीची पडली. ताईला आज सांगू, उद्या सांगू करता करता एकतीस वर्षं गेली. ते अस्तर मी फार नीट शिवलं होतं. कुणाला म्हणून कळलं नाही. त्याचीच मला अजून भीती वाटते.

आणखी एक. तू सोळाची झालीस तेव्हापासून तुझ्या प्रत्येक ब्लाउजला मी आतून जास्तीचे थर लावते. तू कधी मागितले नव्हतेस. निळ्याला तीन आहेत. मला वाटायचं, मी माया करते आहे. तुझ्यात काही कमी आहे, हे तुला पहिल्यांदा मीच शिकवलं की काय, कोण जाणे. झाकण्यापलीकडे मला काही येतच नाही.

ताईला वेगळं पत्र टाकते आहे. तू तपासून घे, तिलाही ने. हयगय करू नका.

लोभ ठेवावा असं म्हणायची आज हिंमत नाही.
तुझी मावशी

दि. २२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आई रडली नाही. कपाटातले घडी केलेले कपडे बाहेर काढून पुन्हा घड्या घालत बसली. संध्याकाळी मी तिला माझंही सांगून टाकलं. अंथरूण वगैरे धरलं नाही, एवढंच म्हणाली, की या घरात मला कुणी काही सांगतच नाही. काल दोघी तपासून आलो. आत्ता काही दिसत नाही, दरवर्षी मात्र यायचं.

निळा ब्लाउज उसवला. तीनच होते. खूप राग आला, अजून आहे, पण त्याला आत्ता वेळ नाही.

कारण तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू तपासून घे, ताईला ने. घरात आपण बायका तिघी आहोत, मावशी. तिसरीचं काय? यंदा तू पन्नासची झालीस. डावा हात वर जात नाही. कात्री दुसऱ्यांच्या हातात दिलीस. खरं सांग, तुझ्या स्वतःच्या ब्लाउजला किती थर आहेत?

सत्तावीसची वेळ मी तुझ्या नावावर करून घेतली. सर्जनबाई म्हणाल्या, अशा गाठी बघणाऱ्या डॉक्टर शेजारच्याच खोलीत बसतात, त्या बघतील. प्रत्येक गाठ तसलीच नसते, पण उशीर नको. माझं काय ते मागाहून. मला अजूनही हवंय, पण ते थांबू शकतं.

लोभाचं तू बोलू नकोस, तो इकडे भरपूर आहे. फक्त ये.
तुझी काडी

दि. २४ फेब्रुवारी

चि. काडीस,
आशीर्वाद.

चार.

आठ महिने झाले. सकाळी अंग पुसताना हाताला लागली, आणि त्याच दिवशी पहिला थर शिवला. आईसारखंच होणार, मग बघून काय करायचं, असं वाटलं. ताईला कळू नये असंही वाटलं. बघ, तिचेच शब्द माझ्या तोंडी. मी फार घाबरले आहे. हे लिहितानाही दार लावून घेतलंय.

तुझं पत्र आल्यावर मशीनशी बसले आणि चारही उसवले. मदतनीस बाईंनी पाहिलं, त्यांना सांगितलं. तू सोडून पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. दुकानावर पाटी लावली आहे, दोन दिवस बंद.

सत्तावीसला सकाळच्या बसनं येते. ताईलाही घेऊन ये, ती चिडलेली असली तरी. अस्तर न लावता येणार आहे, मला पाहून चेहरा पाडू नका. बसच्या पायऱ्या उंच असतात, उतरताना हात दे. डावा धरू नकोस, उजवा धर.

तुझी मावशी