अस्थींचं गाठोडं

मेघा,

मी कायगावला, गोदावरीवर जातोय. माझा चहा ठेवू नकोस.

तुझ्या सासूबाईंच्या अस्थी न्यायला मन धजत नव्हतं, म्हणून रोज उद्यावर ढकलत राहिलो. आधी मन तयार व्हावं लागतं, असं मला वाटायचं, चुकतही असेन. मी टाळलेली कामं ती चिडून स्वतःच उरकायची. म्हणायची, "राहू द्या, तुमच्यानं नाय व्हायचं."

आज पहाटे अंगणातल्या कडुलिंबाला टांगलेलं गाठोडं नव्हतं. फाटकाला आतून कुलूप तसंच होतं. दाराशी ठेवलेल्या तिच्या चपलाही नाहीत. तू कुणाला दिल्या असशील तर बरंच आहे, पण मला तसं वाटत नाही.

पहिली बस पकडतो. या कामाला तरी तिला एकटीला जाऊ द्यायचं नाही.

— नाना