पुढच्या रांगेतल्या पाट्या

१९ नोव्हेंबर

धाकट्या,

तुला, तुझ्या बायकोला आणि छकुलीला इथल्या तिघांकडून मायेचे आशीर्वाद. आईचा गुडघा सोडला तर आम्ही सगळे ठणठणीत आहोत. आईच्या मते गुडघाही ठणठणीत आहे, फक्त तो तिचं ऐकत नाही.

तुझं पत्र परवा आलं. तुझ्या वहिनीनं नेहमीसारखं मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘लाइटची पाटी मंजूर झाली की मी नोकरी सोडतो, इथलं घर विकून ते पैसे लॉजमध्ये घालतो आणि कायमचा येतो’ या ओळीवर आईनं तिला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. शेवटी वहिनी म्हणाली, “आई, ओळ तीच आहे हो, बदलत नाही.” आई म्हणाली, “बदलू नये म्हणूनच ऐकतेय.”

तुझं म्हणणं मला पटलं आहे. अंधार पडला की हमरस्त्यावरून आपलं गाव दिसतच नाही. वळणावर उभं राहून बघितलं तर समुद्राकडची सगळी रांग काळीकुट्ट. आपला लॉज, बेकरी, सलून, मेडिकल, काही म्हणून ओळखू येत नाही. लोक पुढच्या गावात जाऊन उतरतात. वडिलांनी हातानं रंगवलेली आपली पाटी आता दिवसासुद्धा नाक लावल्याशिवाय वाचता येत नाही. तू सुचवलंस तसंच करू. निळा उजेड आणि मोठ्या अक्षरांत ‘खोल्या मिळतील’, बस्स. गावाच्या समितीकडे अर्ज देऊन आलो आहे.

पण आपली समिती तुला माहीत आहे. बेकरीवाल्याचा अर्ज त्यांनी मागच्या वर्षापासून परत पाठवायचा सपाटा लावला आहे. मेडिकलवाल्याला सांगितलं, हिरवा रंग डोळ्यांवर येतो. सलूनवाल्याला सांगितलं, फिरता दिवा गावाच्या शोभेला बाधक आहे. तो भर सभेत म्हणाला, “गावाची शोभा मी रोज कात्रीनं करतो, तेव्हा कोणी परवानगी मागत नाही.” सगळे हसले, अध्यक्षीणबाईसुद्धा. अर्ज मात्र नामंजूर.

मला सांगितलं की पाटी खांबावर हवी, खांबाला काँक्रीटचा पाया हवा आणि पायाच्या नकाशावर ओव्हरसियरची सही हवी. शिवाय आपल्या चौथीच्या बाईंनी सरसकट सगळ्या पाट्यांवर हरकत घेतली आहे. निवृत्त झाल्या तरी आवाज तोच. मला म्हणाल्या, “तुमच्या दुकानदारीपायी पोरांना तारे दिसायचे नाहीत. तुला मी सप्तर्षी दाखवले होते, विसरलास?” मी उभा राहूनच ऐकलं. बसायचं धाडस झालं नाही.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या सध्या बंद ठेवल्या आहेत. थोडी ओल आहे, म्हणून तिथले पलंग हवेसाठी वर हलवले आहेत. गिऱ्हाईक तसंही वरच्याच खोल्या मागतं.

देवासमोर बसताना काही मागायचं नाही, हा माझा नेम. या वेळी मोडला. पाटी मागितली. एवढ्या वर्षांनी याला तोंड फुटलं आणि मागितलं काय तर निळा दिवा, म्हणून देवाला हसू आलं असेल.

तुझा दादा


८ जानेवारी

धाकट्या,

सगळ्यांना आशीर्वाद. छकुलीनं काढलेलं समुद्राचं चित्र आईनं आपल्या पलंगाशेजारी चिकटवलं आहे. त्यात समुद्र अगदी घराला टेकलेला आहे. आई म्हणते, पोरीनं बरोबर काढलंय.

सुनावणी झाली. मी वडिलांचा कोट घालून गेलो होतो. तो मला खांद्यात होतो, पोटावर होत नाही, म्हणून हात पुढे बांधून उभा राहिलो. वहिनी म्हणाली, त्यामुळे तुम्ही फार नम्र दिसलात. आमच्यापैकी कोणालाच फार बोलू दिलं नाही. निर्णय कळवू म्हणाले. बेकरीवाला बाहेर येऊन म्हणाला, “कळवतील! माझ्या तेराव्याला कळवतील.”

एक गोष्ट मात्र चांगली झाली. बाईंनी हरकत मागे घेतली. स्वतः उठून सांगितलं. मी दारात त्यांना गाठून आभार मानले, तर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “असू दे रे तुम्हाला उजेड.” अशा मऊ आवाजात त्या माझ्याशी कधी बोललेल्या आठवत नाहीत. घरी येईपर्यंत मी खुशीत होतो.

मागच्या उधाणात किनाऱ्यावरच्या बंधाऱ्याचा एक तुकडा निखळला. सलूनच्या समोरचा, आपल्यासमोरचा नाही. तू काळजी करू नकोस. समितीला मी त्याबद्दलही विचारलं. वर कळवलं आहे, असं अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

नोकरीवर अजून काही बोलू नकोस. घराला गिऱ्हाईक आलं असलं तरी त्याला जरा थांबव. पाटी हातात येऊ दे.

आईनं तुझ्यासाठी वरची समुद्राकडची खोली काढून ठेवली आहे. गिऱ्हाइकाला द्यायची नाही म्हणते. मागच्या आठवड्यात एक जोडपं तीच मागत होतं. मी त्यांना रस्त्याकडची दिली, ते रुसून एकच रात्र राहिले. आईला म्हटलं, असं केलंस तर धाकटा येईपर्यंत आपण बसू. ती म्हणाली, “बसू की. येईपर्यंतच ना?”

तुझा दादा


२ मार्च

धाकट्या,

पाटी मंजूर झाल्याचं वहिनीनं तुला फोनवर सांगितलं. तू महिनाअखेरीला राजीनामा देतो म्हणालास तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. फोन माझ्या हातात आला तेव्हा मी म्हणालो, “हो, मंजूर झाली.” ते खरं आहे. बाकीचं इथे लिहितो, कारण फोन आईच्या पलंगाजवळ असतो आणि तिचे कान अजून तिशीतले आहेत.

पुढच्या रांगेतल्या सगळ्यांचेच अर्ज एका दिवसात मंजूर झाले. मेडिकलचा हिरवा, सलूनचा फिरता, बेकरीवाल्याचा तो पावाच्या आकाराचा बोर्डसुद्धा. रंग, माप, वेळ, कशालाही अट नाही. रांगेत नुसता जल्लोष. बेकरीवाल्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट केक वाटला. मला म्हणाला, “जिंकलो की नाही? समितीला नमवलं!” मीही खाल्ला. छान होता.

दोन दिवसांनी ओव्हरसियर माप घ्यायला आला. तुझ्याएवढाच आहे, सभ्य मुलगा. मी खांबासाठी जागा आखून ठेवली होती, पायाचा नकाशा काढून ठेवला होता. तो म्हणाला, “खांब कशाला? भिंतीलाच लावा, स्क्रूवर.”

“तुमच्याच कागदात काँक्रीटचा पाया लिहिलाय,” मी म्हणालो.

“ते आधीचं.”

“आणि आता?”

“आता कशीही लावा. मोठी लावा, लुकलुकणारी लावा. तुम्हाला हवी तशी.”

मी विचारलं, “बंधाऱ्याचं काम पावसाळ्याआधी घेणार ना?”

तो टेप गुंडाळत राहिला. गुंडाळून झाल्यावर पुन्हा थोडी ओढली आणि पुन्हा गुंडाळली. मग म्हणाला, “काका, आत बसूया का?”

आत बसून त्यानं सांगितलं ते असं. आपल्यासमोरचा बंधारा आता दुरुस्त होणार नाही. नवा बांधणार आहेत, पण तो शाळेच्या मागच्या चढावरून जाईल. त्याच्या अलीकडे राहील ते गाव.

“आणि आम्ही?”

“तुम्ही पलीकडे. समुद्राच्या बाजूला.”

“मग आमच्या पाट्या मंजूर कशाला केल्या?”

“आता नाही म्हणायची कोणाला गरजच उरली नाही, काका. तुमच्या रांगेची फाइल बंद केली. बंद करताना जे जे पडून होतं ते सगळं मंजूर करून टाकलं.”

मी त्याला पाणी दिलं. तो ते न पिता ग्लास हातात धरून बसला. जाताना म्हणाला, “मी सांगितलं असं म्हणू नका.” पण बंधाऱ्याच्या ठरावात सगळं आहेच, तो डिसेंबरपासून कार्यालयाच्या दारावर लागलेला आहे. आम्ही त्याशेजारचा पाट्यांचा कागद तेवढा वाचला. बाईंनी वाचायची सवय सोडलेली नाही, म्हणून त्यांनी हरकत मागे घेतली.

मी सगळ्यांना सांगितलं. बेकरीवाला खवळला. “तुला कोणाचं बरं झालेलं बघवतच नाही,” म्हणाला. सलूनवाला म्हणाला, “येऊ दे समुद्र, त्याचीही दाढी करतो.” मेडिकलवाल्याचं वेगळंच. दुसऱ्या दिवशी त्यानं ठरली होती त्याच्या दुप्पट मोठी पाटी सांगितली.

आता ओलीबद्दल. ओल नाही, पाणी आहे. उधाणाला ते तळमजल्याच्या फरशीतून वर येतं. दारातून येत नाही, म्हणून बाहेरच्या कोणाला कळत नाही. पलंग मी वर हलवले ते हवेसाठी नाही. मी आणि वहिनी बादल्यांनी पाणी काढतो आणि आईला सांगतो की फरशी धुतोय. ती म्हणते, “किती रे स्वच्छतेचं वेड तुम्हाला!” हे तुला नोव्हेंबरातच लिहायला हवं होतं. मला वाटत होतं, तू आलास की दोघं मिळून काहीतरी करू. काय करणार होतो ते आता आठवून बघतो, तर काहीच सापडत नाही.

तुझ्या वहिनीला सगळं माहीत आहे. ती म्हणते, “लिहू नका. समुद्र काही उद्या येत नाही. आई आहेत तोवर घर भरलेलं राहू दे. पुढचं पुढे.” तिला वाईट समजू नकोस. सून म्हणून आली तेव्हापासून आईच्या तोंडून ती तुझंच नाव ऐकते आहे. आईला ते सुख एकदा मिळावं एवढंच तिला वाटतं. तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. पण तू तिथलं घर विकशील, इथे ओतशील, छकुलीची शाळा मोडशील. मग एका उधाणाला तुझ्या हातात बादली देऊन मी तुला काय सांगू?

काल संध्याकाळी पाटी लावली. आई आणि वहिनी ऐकेनात. आईची खुर्ची रस्त्यावर नेऊन ठेवली. बटण दाबलं आणि निळा उजेड पार समोरच्या वाळूपर्यंत गेला. रांगेत सगळ्यांच्या पाट्या पेटलेल्या. पाव लुकलुकत होता, सलूनचा दिवा फिरत होता. वळणावरून बघितलं असतं तर कोणालाही वाटलं असतं, किती भरभराटीचं गाव. आईनं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात हमरस्त्यावरची एक गाडी वळून खाली आली आणि खोली मिळेल का म्हणून विचारलं. नवरा, बायको आणि दोन पोरं. तुझं बरोबर होतं, धाकट्या. पाटी चालते.

त्या गाडीचं सामान वर नेताना मला वाटलं, लिहूच नये. येऊ दे तुला. तुझ्याशिवाय हे घर मला फार मोठं होतं. वडील गेल्यापासून माझ्याशी भांडायला कोणी नाही. वहिनी भांडत नाही, ती नुसती गप्प बसते, ते जास्त लागतं. जिन्यातच थांबून मी देवाला म्हणालो, एवढंच मागितलं होतं आणि तेवढंच दिलंस. त्याच्यावर राग नाही. मागताना मीच नीट विचार केला नव्हता. रोज बसतो तसा आज सकाळीही बसलो, पण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आम्ही कुठे जाणार, असं विचारू नकोस. नव्या बंधाऱ्याच्या अलीकडे जागा घ्यायची तर हा लॉज विकायला हवा, आणि तो कोण घेणार? घेणारा सापडला तरी त्याला मी हे सगळं सांगणार आणि तो निघून जाणार. फसवून विकायचं मला जमायचं नाही. आईला तुझ्याकडे पाठवायचं बोलून बघितलं. ती म्हणाली, “मी कशाला जाऊ? तोच येतोय ना.”

म्हणून तुला एक काम सांगतो. मी आयुष्यात कोणाला असं सांगितलेलं नाही. आईला फोन करून सांग की तू येत नाहीस. समुद्राचं नाव काढू नकोस, माझंही काढू नकोस. म्हण, नोकरी सोडवत नाही. म्हण, बायको तयार नाही. काहीही म्हण. ती तुला नाही नाही ते बोलेल, शहरात जाऊन माणूस दगड झाला म्हणेल. ते ऐकून घे. तिला तुझा राग आलेला परवडेल. रागावून ती जगते, हे आपण वडील गेले तेव्हा बघितलं आहे. पायाखालची जमीन चालली आहे, हे कळून जगेल की नाही, ते मला माहीत नाही.

मी तिच्या शेजारीच बसलेला असेन. ती तुला बोलेल तेव्हा मला तिच्या बाजूनं बोलावं लागेल. तेही ऐकून घे.

या पत्राला उत्तर धाडू नकोस. ते वहिनीच्या हातात पडेल आणि ती मोठ्यानं वाचेल. घराला गिऱ्हाईक आलं होतं, त्याला नाही म्हणून सांग. छकुलीचं नाव त्याच शाळेत राहू दे.

येऊ नकोस.

तुझी वाट बघणारा,
दादा